रात्री २ ते सकाळी ८

फायबरचा वेग विसरा. जुलै २००६, नाशिक, रात्रीचे पावणेदोन. बाहेर पावसाची रिपरिप चाललीय, घर झोपलंय आणि तुम्ही २५६ एमबी रॅमच्या असेंबल्ड पीसीसमोर बसला आहात. बीएसएनएलच्या डेटावन प्लॅनमध्ये दिवसा एकेक एमबी मोजला जातो. रात्री २ ते सकाळी ८ मात्र कितीही डाउनलोड करा, बिल वाढत नाही. तुम्हाला जूनमध्ये आलेली उबुंटू ६.०६ हवी आहे. तिची सीडी पोस्टाने फुकट मिळते, पण यायला कित्येक आठवडे लागतात.

मित्राने दिलेल्या सीडीवर अशा फाइली इतरांच्या मशीनमधून उतरवायची तीन सॉफ्टवेअर आहेत. कझा तुम्ही लगेच बाजूला ठेवता. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करता करता त्याच्यासोबत जाहिरातींची सॉफ्टवेअरही मशीनमध्ये शिरतात. शिवाय त्याची फाइल तपासण्याची पद्धतच अर्धवट आहे. पहिले ३०० केबी बघायचे, मग १, २, ४ एमबी अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतरांवरचे तुकडे बघायचे आणि मधला भाग तसाच सोडायचा. तिथे कोणी कचरा भरला तरी पत्ता लागत नाही.

अझ्युरियसचा सोर्स कोड खुला आहे, पण ते जावावर चालतं. उघडताच हार्ड डिस्क घरघरते आणि माउस अडखळतो. राहिलं म्यूटोरेंट. स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेअसने लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २०० केबींपेक्षाही लहान आहे. त्याचा कोड बंद आहे, हे तुम्हाला खटकतं. तरी तुमच्या मशीनला झेपेल असं हेच आहे.

टोरेंट फाइल तुम्ही उबुंटूच्या स्वतःच्या साइटवरून घेता. या चिमुकल्या फाइलीत सीडीच्या प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ हॅश, म्हणजे तुकड्यावरून काढलेला ओळखआकडा, आहे. आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही, तर टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवला जातो. पाठवणारा अनोळखी असला तरी चालतं, ते यामुळेच.

म्यूटोरेंटच्या शेड्युलरमध्ये सात दिवस आणि चोवीस तासांची चौकट दिसते. २ ते ८चे चौकोन तुम्ही हिरवे करता, बाकीचे पांढरे. अपलोडला मर्यादा घालता, पण शून्याच्या जवळ नेत नाही. अपलोड तुडुंब भरलं की डाउनलोडही रखडतं. अगदीच आवळलं तर समोरचेही हात आखडता घेतात.

दोन वाजतात. सेकंदाला ४ केबी, ११, २८. पीअर्सच्या, म्हणजे तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या, यादीत ब्राझील, पोलंड, जर्मनीचे झेंडे उमटतात. साडेतीनला लाईट जाते, यूपीएस बोंबलतो, तुम्ही घाईने शटडाउन करता. तासाभराने लाईट येते. म्यूटोरेंट आधीचे तुकडे तपासून पुढे सुरू होतं. सेकंदाला ३० केबी पूर्ण सहा तास मिळाले असते, तरी जेमतेम ६३० एमबी आले असते आणि सीडी आहे सुमारे ७०० एमबीची. दुसरी रात्र लागणारच.

दुसऱ्या पहाटे १०० टक्के होतात. साइटवरचा एमडी५ आकडा तुम्ही उतरलेल्या फाइलीच्या आकड्याशी एकेक अक्षर ताडून पाहता. जुळतो.

आता टोरेंट बंद करायचा मोह होतो. पण रेशो ०.४ दिसतोय: जितकं घेतलं, त्याच्या निम्मंही अजून दिलेलं नाही. उबुंटू वाटायला तिच्या कर्त्यांचीच परवानगी आहे. नव्या सिनेमाला ती नसते, आणि हे सॉफ्टवेअर तुम्हाला विचारणार नाही. ते तुम्हीच बघायचं. परवानगी असलेली गोष्ट मात्र हात न आखडता वाटावी. ज्यांनी तुम्हाला तुकडे दिले, त्यांच्यातल्या कित्येकांची स्वतःची सीडी कधीच उतरून झाली होती. तरीही ते वाटत राहिले. रेशो १ होईपर्यंत तुम्हीही रोज रात्री २ ते ८ सीडिंग, म्हणजे हे वाटणं, चालू ठेवता.