दूरच्या प्रतीवरची देखरेख

दूरच्या केंद्रातली माहितीची प्रत मूळ माहितीच्या किती मागे आहे, हे मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ होऊ लागली. त्याआधी मेनफ्रेमच्या टेप भरून गाडीने दुसऱ्या इमारतीत पाठवल्या जात. ती प्रत शेवटच्या टेपइतकीच ताजी असे. मोजायचे काही नव्हते.

१९९४ मध्ये ईएमसी कंपनीने सिमेट्रिक्स डिस्कसंचांसाठी एसआरडीएफ ही दूरची प्रत राखणारी प्रणाली आणली. त्याच दशकात आयबीएमच्या पीपीआरसी आणि एक्सआरसी या प्रणाली आल्या. एसआरडीएफच्या सिंक्रोनस पद्धतीत आणि पीपीआरसीत, दूरच्या संचात नोंद पोहोचल्याशिवाय सर्व्हरला पोच मिळत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; १०० किलोमीटर जाऊन येण्यास एक मिलिसेकंद लागतो. फायबर चॅनल या साठवणजाळ्यांच्या प्रोटोकॉलवर मात्र एका लेखनाला साधारणपणे दोन फेऱ्या पडतात: आधी आज्ञा जाते, पलीकडून तयारीचा निरोप येतो, मग माहिती जाते आणि शेवटी पोच येते. म्हणून देखरेखीचा पहिला आकडा ठरला लेखनाला लागणारा वेळ.

तेवढा पुरेसा नव्हता. फायबर चॅनलमध्ये समोरच्या बफरात जागा असल्याची खात्री, म्हणजे क्रेडिट, हाती असेल तरच फ्रेम, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवता येते. २ गिगाबिट वेगाला पूर्ण आकाराच्या फ्रेम धरल्या तरी दर किलोमीटरला सुमारे एक क्रेडिट लागते. फ्रेम लहान असतील तर अधिक. क्रेडिट अपुरी पडली की सर्व्हर खोळंबतात आणि दोन केंद्रांमधल्या लिंकच्या वापराचा आलेख मात्र कमीच दिसतो. रिकामी दिसणारी लिंक म्हणजे निरोगी लिंक, हा समज इथे घातक ठरतो. त्यामुळे पोर्ट किती वेळ शून्य क्रेडिटवर होते, हे दाखवणारे स्विचचे गणक पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर दोन केंद्रांमधल्या अंतराचा प्रश्न ऐरणीवर आला. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी वित्त-नियामकांनी मोठ्या संस्थांची पर्यायी केंद्रे मुख्य केंद्रापासून पुरेशी दूर असावीत, असा आग्रह धरला. अंतर वाढले की असिंक्रोनस पद्धतच परवडते. तिच्यात दूरच्या संचाची वाट न पाहता पोच लगेच मिळते, म्हणून लेखनाचा वेळ चांगलाच दिसतो. पलीकडे अजून न पोहोचलेल्या नोंदींची थकबाकी मात्र साचत जाते. इथे प्रत वेळेत किती मागे आहे, ते मोजावे लागते. एक्सआरसीत प्रत्येक लेखनावर वेळेचा शिक्का असल्याने ते थेट काढता येते. दिवसाच्या सरासरीवर लिंक बेतली, तर दिवसअखेरच्या हिशेबांच्या वेळी ही थकबाकी काही मिनिटांत फुगते आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीतही पुरती दिसत नाही. नमुने बारीक अंतराने घेण्याचे खरे कारण हेच.

मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दूरसंचार लिंक अस्थिर झाल्या आणि मुख्य केंद्रातले साठवणजाळेच सर्व्हरना प्रतिसाद देईनासे झाले. ११.४० ला थांबलेले व्यवहार ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सेबी या बाजार-नियामकाने आपत्तीत माहितीचे नुकसान जास्तीत जास्त १५ मिनिटांचे असावे, असे बंधन शेअर बाजारांना घातले. ते पाळले जाते का, हे थकबाकीच्या आकड्यावरून कळते. लिंक अडखळली तर मुख्य संच कसा वागतो, हे मात्र ती मुद्दाम तोडून घेतलेल्या चाचणीतच दिसते.