पाण्यावरची वाटणी

1912 सालचा नोव्हेंबर. दक्षिण अटलांटिकमध्ये, व्हेलच्या शिकारीला निघालेल्या ‘डेझी’ या शिडाच्या जहाजावर तुम्ही कठडा घट्ट धरून उभे आहात. शेजारी पंचविशीतला रॉबर्ट कुशमन मर्फी. कागदोपत्री तो मार्ग काढायला मदत करणारा खलाशी. खरं काम न्यूयॉर्कच्या संग्रहालयांसाठी पक्षी गोळा करण्याचं.

बादली सोडून पाणी वर ओढा. काल त्यात हात सहज बुडत होता, आज बोटं बधिर होतात. अंटार्क्टिकाचं थंड पाणी उत्तरेच्या पाण्याखाली शिरतं, ती सीमा जहाजानं रात्रीत ओलांडली. वरून काही कळत नाही. पक्ष्यांना मात्र कळलेलं आहे: कालचे काही दिसेनासे झाले, आणि लाटांच्या खळग्यांतून करड्या-निळ्या प्रायनांचे दाट थवे उडताहेत.

मर्फी आपली छोटी होडी पाण्यात सोडतो (तिला बायकोचं नाव दिलंय, ‘ग्रेस एमेलाइन’) आणि एक प्रायन मारून आणतो. तेव्हा पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीशिवाय होत नसे. चोच उघडून बघा. वरच्या कडेला आतून फणीसारखी बारीक झालर आहे. प्रायन तोंड पाण्यात बुडवून पुढे सरकतो, जिभेनं पाणी बाहेर ढकलतो. इवलेसे जीव झालरीत अडकतात. डायव्हिंग पेट्रेललाही तेच जीव हवेत, पण तो आखूड पंख मारत लाटेत घुसतो आणि पाण्याखाली ते पकडतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल पाण्यावर पाय टेकवत टेकवत वरचेवर कण टिपतो. याच जातीचे पक्षी पावसाळ्यात कोकणापुढच्या समुद्रातही येतात. मोठ्या माकुळांसाठी भटका अल्बॅट्रॉस शेकडो मैल उडतो. किंग पेंग्विन शंभर मीटरहून खोल उतरतो.

या वाटणीत कुणाची कुणावर मेहरबानी नाही. क्रिलचा, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या जीवांचा, थवा वर आला की बरेच जण तुटून पडतात. एरवी ज्याची चोच, पंख आणि दम जिथवर पोचतो, तिथवर त्याचं रान.

महिनाअखेरीस दक्षिण जॉर्जिया बेट येतं. तिथल्या एका उपसागरात मर्फी दोन बेटांना अल्बॅट्रॉस आणि प्रायन अशी नावं देतो. प्रायन बिळात घरटं करतात, पण अंधार पडल्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत. बाहेर स्कुआ हा शिकारी पक्षी टपलेला असतो. बिचाऱ्या प्रायनानं दिवसभर थेंबाथेंबातून गाळून आणलेलं अन्न स्कुआ त्याच्यासकट खातो. त्यासाठी समुद्रावर राबायची स्कुआला गरज नाही.