टीव्हीसमोरची दुसरी जागा

टीव्ही म्हणजे मुलांचं डोकं बिघडवणारा डबा, असं आपण बायका एकमेकींना सांगत आलोय. आणि पोळ्या लाटायची वेळ झाली की मुलाला त्याच डब्यासमोर बसवतो, हेही खरं! या डब्याकडून मुलांना अक्षरओळख करून घेता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत काही जणांनी फार पूर्वी मनावर घेतला होता. त्याचा इतिहास वाचताना मला त्यात आपल्यासारख्या बायकांची जागा दिसली.

१९६६ साली न्यूयॉर्कमध्ये टीव्ही निर्मात्या जोन गँझ कूनी आणि मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांच्यात हे बोलणं सुरू झालं. मॉरिसेट यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून, कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर जे स्थिर चित्र असे, तेच बघत बसायची. जाहिरातींची गाणी तर घरोघरची मुलं तोंडपाठ म्हणत. मग जाहिरातीचीच युक्ती वापरून अक्षरं का शिकवू नयेत? १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. प्रत्येक भाग अमुक अक्षराच्या आणि अमुक आकड्याच्या सौजन्याने सादर व्हायचा. जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांनी मुलांना वेड लावलं. ज्या गरीब घरांत बालवाडीची सोय नाही, तिथल्या मुलांनी शाळेत पाऊल टाकताना मागे पडू नये, हा मूळ हेतू.

मला विशेष वाटलं ते पुढचंच. कार्यक्रम लहान मुलांचा, पण त्यात मोठ्यांना हसू येईल असे विनोद आणि मोठ्यांच्या ओळखीचे नटनट्या-गायक मुद्दाम घातलेले असत. का? तर आईने हातातलं काम ठेवून मुलाशेजारी टेकावं म्हणून.

सॅम्युअल बॉल आणि गेरी अॅन बोगाट्झ यांनी १९७० मध्ये नऊशेहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. जी मुलं जास्त वेळा कार्यक्रम बघत, ती जास्त शिकली. पण सगळ्यांत जास्त शिकलेल्या मुलांच्या आया बहुधा स्वतः सोबत बसून बघत आणि त्यावर मुलाशी बोलत. पुढे १९७५ मध्ये टॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. त्यांच्या मते, ज्या घरी माणसं जाऊन ‘मुलाला हे दाखवा’ असं उत्तेजन देत होती, तिथेच फायदा ठळक होता. नुसता टीव्ही लावून ठेवलेल्या घरांत तो थोडाच. शिवाय सुखवस्तू घरांतली मुलं जास्त बघू लागली, तर गरीब-श्रीमंतातलं अंतर मिटण्याऐवजी वाढेल, अशी शंकाही त्यांनी मांडली.

आपल्याकडे २००६ मध्ये त्याच घराण्यातलं ‘गली गली सिम सिम’ हिंदीतून आलं. त्यातली शाळेच्या गणवेशातली चमकी तुमच्यापैकी काहींच्या मुलांना आठवत असेल. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते ब्रिज कोठारी यांचं काम. अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी एक साधी गोष्ट लावून धरली: टीव्हीवरच्या गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली दाखवायचे, आणि गाताना शब्दाचा रंग बदलत जायचा. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांपासून सुरुवात झाली, पुढे ‘चित्रहार’मध्येही ते आलं. गाणं आधीच पाठ असतं, त्यामुळे कान पुढे चालतो आणि डोळा मागोमाग अक्षर ओळखतो. यात मूल शिकतं आणि अर्धवट शाळा सुटलेली त्याची आजीही.

आपल्याला हे नवं नाही. आपल्या बस्तीतल्या पाठशाळेत लेकरू णमोकार मंत्र आधी पाठ म्हणतं. मग कुणीतरी पुस्तकातल्या ओळीवर त्याचं बोट फिरवतं, आणि ओळखीचा आवाज अक्षरात सापडला की त्याचा चेहरा उजळतो.

आपल्या बेळगाव भागात याची गरज जास्तच आहे. मुलं घरात मराठी बोलतात, रस्त्यावर कन्नड ऐकतात, शाळेत इंग्रजी वाचतात. मराठीचं पान समोर आलं की अडखळतात. अशा मुलासोबत मराठी गाणं बघताना खाली शब्द येत असतील, तर एखाद्या शब्दावर थांबून ‘हे कुठलं अक्षर रे?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ. मग तेच अक्षर डाळीच्या पुडीवर, दुकानाच्या पाटीवर शोधायला सांगायचं.

पण हे विचारायला कुणीतरी बसलेलं हवं, आणि नेमक्या त्याच वेळी कुकर लावायचा असतो. आईने बसावं, असं सांगणं सोपं. तिचं उरलेलं काम कोण करणार, हे कुणी सांगत नाही. त्या पाहण्यांमध्ये आयांची नोंद आहे, पण मुलाशेजारी बसायला बाबा चालतात, आजोबा चालतात, मोठी ताई-दादाही चालतात. तेव्हा मैत्रिणींनो, संध्याकाळी बातम्या बघत बसलेल्या घरच्या माणसाला सांगा: अर्धा तास मुलाचा कार्यक्रम लावा, आणि उठून जाऊ नका. त्याच्याशेजारी बसा.