रेल्वेची मोटार

तेलगावच्या माणसाला पूर्व-पश्चिम विचारू नये. बीडकडे, परळीकडे, माजलगावकडे आणि धारूरकडे, अशा त्याच्या चार दिशा. या चारही गावांना एसटीचे आगार आहे, मधल्या तेलगावला नाही. चार लेकींच्या आईसारखी चौकाची गत. येणं-जाणं अखंड, पण प्रत्येकीला आपल्या घरी परतायची घाई!

एसटी म्हणजे मुंबई-पुण्याची देणगी, असा एक समज आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, हे पोरंसोरंही सांगतात. खरं आहे. फक्त त्या दिवशी आम्ही त्या राज्यात नव्हतो. आम्ही निजामाचे, पोलीस कारवाईला अजून साडेतीन महिने होते. आणि सरकारी मोटार हैदराबाद राज्यात १९३२ च्या जूनमध्येच धावू लागली होती. मोटारी २७ आणि नोकर १६६. म्हणजे मुंबईच्या सोळा वर्षे आधी! मराठवाड्याला मागासलेला म्हणणाऱ्या पुणेरी पाहुण्यांना मी हा आकडा चहाबरोबरच देतो. चहा थंड होतो.

खरी गंमत पुढेच आहे. या मोटारी चालवीत होती रेल्वे! निजाम सरकारने १९३० साली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. त्या काळी खासगी मोटारवाले रुळाच्या कडेकडेने उतारू पळवीत. हे दुखणे हिंदुस्थानभरच्या रेल्वेचे होते. निजामाच्या रेल्वेने मोटारीशी भांडत बसण्यापेक्षा सरळ सोयरीक केली. आमचे आजोबा त्यामुळे एसटीला शेवटपर्यंत ‘रेल्वेची मोटार’च म्हणत. बीड शहरात प्रत्यक्ष आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. वऱ्हाड १९३२ ला निघालं, नवरदेव ९३ वर्षांनी पोचला म्हणायचा!

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि हैदराबादकडच्या, नागपूरकडच्या, मुंबईकडच्या मोटारी एकाच महामंडळाच्या दावणीला बांधल्या गेल्या. आपण सहा किलोमीटरच्या टप्प्याने भाडे मोजतो. गाडी किती भरली, याला महामंडळ ‘भारमान’ म्हणते. शब्द मोठा भारदस्त आहे. भारमान घटलं की फेरीवर गंडांतर येतं.

आता तुम्ही म्हणाल, रिकामी गाडी पळवायची कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण खासगी जीप भरली की सुटते आणि एसटी वेळ झाली की सुटते, एवढाच काय तो दोघींत फरक. आड गावातल्या मुक्कामी गाडीत पहाटे तीनच माणसं असतात. एक पोटुशी बाई दवाखान्याला निघालेली, एक म्हातारा कोर्टाच्या तारखेला, एक पोरगी बारावीच्या पेपराला. भारमानाच्या तक्त्यात तिघांची बेरीज तीनच होते. जीपवाला तिघांसाठी गाडी काढत नाही. त्याचंही पोट आहे. पेपर मात्र अकराला सुरू होतोच.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचे कर्मचारी संपावर गेले ते २०२२ च्या एप्रिलपर्यंत. मागणी एकच होती, आम्हाला शासनात घ्या. चौकातल्या हॉटेलात यावर रोज अधिवेशन भरे. कुणी म्हणे, तिजोरी बुडेल. कुणी म्हणे, पगार तरी वेळेवर होतील. एक आजोबा बराच वेळ बशीत चहा ओतत होते. ते म्हणाले, “आवं, निजामाच्या टायमाला ती सरकारी खात्यातच व्हती की!”

सगळे गप्प झाले. इतिहासाचं असं वेळेवर आलेलं वाहन मी क्वचितच पाहिलंय.

मागणी मान्य झाली नाही. गाड्या मात्र पुन्हा सुरू झाल्या, आणि पहिल्या दिवशी चौकात लाल गाडी वळली तेव्हा, जिला कुठंही जायचं नव्हतं अशी एक म्हातारी उगाच उठून उभी राहिली.