गंगाराम कांबळेंच्या हॉटेलापासून फेसबुक पेजपर्यंत

आपल्या तरुणांना आज एक सल्ला सगळीकडून मिळतो. सरकारी भरती निघत नाही, खासगी नोकरीत आरक्षण नाही, तेव्हा धंदा करा. दुकानाचे डिपॉझिट परवडत नसेल तर फेसबुकवर पेज काढा, इन्स्टाग्रामवर रील टाका, गिऱ्हाईक आपोआप येईल. आणि या सल्ल्याच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : मोबाईलला जात कळत नाही.

हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. माल चांगला, भाव वाजवी, मेहनत भरपूर आणि तरीही गिऱ्हाईक नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. खुद्द बाबासाहेबांना तो आला आहे.

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, पण हाताला काम नाही. तेव्हा त्यांनी शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला लोक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर मात्र येणे बंद झाले. सल्ला तोच, ज्ञान तेच, फक्त नावामागची जात कळली आणि धंदा बसला. त्या काळच्या मुंबईत अर्थशास्त्राचे एवढे शिक्षण घेतलेली माणसे किती होती? ज्ञानाच्या बळावर बाजार जिंकता आला असता तर तो बाबासाहेबांनीच जिंकला असता.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचे ‘सत्यसुधारक हॉटेल’ सुरू झाले. जागा मोक्याची, चहा चांगला, स्वच्छता चोख. पण महाराच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात.

मग महाराज काय करीत? त्यांची गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबे. ते चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. भर रस्त्यावर, सगळ्या गावाच्या देखत.

ही गोष्ट आपण शाहू महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण धंद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ काय? महाराजांनी गंगारामांना नुसते भांडवल देऊन सोडून दिले नाही. त्यांनी आपली प्रतिष्ठा त्यांच्या दुकानासमोर उभी केली. कर्ज देणारी योजना भांडवल देते, गिऱ्हाईक देत नाही. जातीच्या समाजात गिऱ्हाईक मिळवणे हे स्वतंत्र सामाजिक काम आहे, हे महाराजांनी ओळखले होते.

तिसरा प्रसंग जाहिरातीचा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. नवे पत्र निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली गेली. फुकट नव्हे, पैसे देऊन. ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. म्हणजे आपल्याकडे पैसा असला तरी लोकांपर्यंत पोचण्याचे दार दुसऱ्याच्या हातात होते आणि त्या दारावरचा माणूस नाही म्हणू शकत होता.

बाबासाहेब तिथे रडत बसले नाहीत. ‘मूकनायक’नंतर १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. दादरला स्वतःचा छापखाना उभा राहिला. वर्गणीदार थोडे, जाहिराती नाहीत, ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने एकट्याने लिहायचे, आणि शेवटी पैशाअभावी पत्र बंद पडायचे. तरीही ते पुन्हा पुन्हा स्वतःचे पत्र काढत राहिले. दुसऱ्याच्या दारावर अवलंबून राहायचे नाही, हा धडा त्यांनी कधी सोडला नाही.

आता आजच्या पेजकडे या. फेसबुक, इन्स्टाग्राम ‘केसरी’सारखी जाहिरात नाकारत नाहीत. घरात शिवलेले कपडे, बचत गटाचा मसाला, बाबासाहेबांच्या फोटो फ्रेम विकणाऱ्या बहिणीला आज कोणा संपादकाची परवानगी लागत नाही. ही प्रगती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबाईलला जात कळत नसली तरी मोबाईल धरणाऱ्याला कळते. पेजवर नाव असते, आडनाव असते, भिंतीवरचा फोटो असतो. मसाल्याच्या पाकिटावरचे आडनाव वाचून हात मागे घेणारा माणूस गंगारामांच्या हॉटेलावरून पुढे निघून जाणाऱ्याचाच वारस आहे. फरक एवढाच की तेव्हा तो रस्त्यावर दिसायचा, आता तो नुसता स्क्रोल करून जातो.

दुसरी गोष्ट मालकीची. पेज आपले वाटते, पण जागा भाड्याची असते आणि भाडेकरार कधी बदलेल ते मालक ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की लोकांना यापुढे पेजपेक्षा मित्र आणि कुटुंबाच्या पोस्ट जास्त दाखवल्या जातील. ज्यांनी वर्षानुवर्षे लाईक जमवले त्यांना आपल्याच लोकांपर्यंत पोचायला पैसे मोजण्याची वेळ आली. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या, वस्त्यांतल्या कित्येक पोरापोरींनी मिळवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही काही तास बंद पडले, त्या वेळात फक्त त्यांच्यावर चालणारे दुकानही बंद होते.

मग पेज काढू नये का? जरूर काढावे. पण पेज हे दार आहे, घर नव्हे. पेजवर आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर त्याच्या संमतीने आपल्या वहीत उतरवून घ्या. पेज उद्या गेले तरी ती वही आपली राहते. ‘मूकनायक’चा वर्गणीदार हेच त्याचे भांडवल होते, आपली वही हे आपले आहे.

स्वतःचा बाजार उभा करणे आपल्याला जमते, याचा पुरावा दूर शोधायला नको. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांची दुकाने लागतात. मोठ्या वृत्तपत्रांत जाहिरात नाही, मोठा प्रकाशक पाठीशी नाही, तरी माणसे पोटाला चिमटा काढून पुस्तके, कॅलेंडरे, गाण्यांच्या कॅसेटी घेऊन गेली. तो बाजार आपल्या गिऱ्हाइकाने उभा केला.

आडनावाचा प्रश्न अनेक तरुणांना छळतो. पेजवर जय भीम लिहावे की लपवावे? पोटासाठी आडनाव लपवणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण दोष त्याचा नाही, बाजारातल्या जातीचा आहे. तरी एवढे ध्यानात घ्या की लपवलेले नाव कधीतरी कळतेच आणि कळल्यावर काय होते ते बाबासाहेबांच्या त्या व्यवसायाने दाखवले आहे. याच मुंबईत सुधीर राजभर यांनी शिवीसारखे वापरले जाणारे नाव उघड घेऊन ‘चमार स्टुडिओ’ नावाचा ब्रँड उभा केला. मात्र नाव उघड करणे म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोआड हलका माल खपवणे नव्हे. फोटो लावला की वजन आणि दर्जा दोन्ही चोख असलेच पाहिजेत.

आणि शेवटची जबाबदारी गिऱ्हाइकाची, म्हणजे तुमची-माझी. आपल्या माणसाकडे गेलो की आपण आधी सवलत मागतो, मग उधारी. मॉलमध्ये छापील किमतीवर गुपचूप पैसे देतो. शाहू महाराजांची भूमिका आज आपणच करायची आहे. नोकरीत असलेल्याने पूर्ण किंमत देऊन माल घ्यावा, आपल्या नावानिशी पेजवर अभिप्राय लिहावा, ऑफिसातल्या इतर जातींच्या सहकाऱ्यांनाही तो माल चाखायला द्यावा.

मात्र धंदा हीच मुक्ती, असे कोणी सांगू लागला तर १९३८ सालचे मनमाड आठवा. तिथे रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. उद्या आपले पेज चालले, चार माणसे कामाला ठेवली आणि त्यांची मजुरी मारली, तर आपण फक्त मालक बदलला, व्यवस्था नाही.

जय भीम!