बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची अपुरी वजनघट

जठर व लहान आतडे यांची रचना बदलणाऱ्या, लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन अपेक्षेइतके न उतरणे किंवा उतरलेले वजन काही वर्षांनी पुन्हा चढणे. यांपैकी पहिल्या स्थितीला अपुरा प्रारंभिक प्रतिसाद आणि दुसरीला पुनर्वाढ म्हणतात. जुन्या वैद्यकीय लेखनात दोन्हींसाठी सरसकट ‘अपयश’ हाच शब्द येई. लठ्ठपणा हा मधुमेहासारखा दीर्घकालीन आणि उलटणारा आजार आहे, हे मान्य झाल्यावर तो शब्द मागे पडला. रुग्णाच्या मनातले ‘टार्गेट’ आणि शस्त्रक्रियेने साधारणपणे साधणारी घट यांत बरेचदा मोठे अंतर असते. म्हणून या तक्रारीत कारणे शोधण्याआधी मोजपट्टी कोणती लावली आहे, ते पाहावे लागते.

शस्त्रक्रियेचे प्रकार : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९५४ मध्ये क्रेमेन व लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरे, पण जुलाब, कुपोषण व यकृताचे विकार यांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर-बायपासची सुरुवात केली, तर १९९४ मध्ये विटग्रोव्ह व सहकाऱ्यांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या बायपासचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलि. क्षमतेची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला जोडतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात व एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ही मुळात अतिजोखमीच्या रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. अनेकांना तेवढीच पुरल्यामुळे ती स्वतंत्रपणे रूढ झाली आणि आज जगात सर्वाधिक केली जाते. जठराभोवती बसवायचा पट्टा मात्र कमी घट आणि वारंवार कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या यांमुळे जवळपास मागे पडला आहे.

अपेक्षित घट : या विषयावरील सर्वांत दीर्घ पाहण्यांपैकी एक १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली. तिच्यात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ लठ्ठ रुग्ण होते. वजन सर्वांत खाली आले ते पहिल्या-दुसऱ्या वर्षी : बायपासनंतर मूळ वजनाच्या ३२ टक्के, जठर आवळण्याच्या जुन्या पद्धतीनंतर २५ टक्के व पट्ट्यानंतर २० टक्के घट झाली. दहाव्या वर्षी हेच आकडे अनुक्रमे २५, १६ व १४ वर आले. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या एका संयुक्त पाहणीत सात वर्षांनंतरची घट बायपासमध्ये २८.४ टक्के, तर पट्ट्यात १४.९ टक्के आढळली. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हने ४९ टक्के व बायपासने ५७ टक्के वजन कमी झालेले होते. सर्वांत खालच्या आकड्यावरून थोडे वर येणे हा अशा प्रकारे या शस्त्रक्रियांच्या नेहमीच्या वाटचालीचाच भाग आहे. स्वीडिश पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे वजन असे अंशतः परतूनही त्या गटातील मृत्यूचे प्रमाण तुलनेतील गटापेक्षा कमी राहिले.

मोजमाप : घट मोजण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत ती मूळ वजनाच्या टक्क्यांत मांडतात, दुसरीत ‘जादा’ वजनाच्या टक्क्यांत. जादा वजन काढण्यासाठी ‘आदर्श’ वजन लागते. ते पूर्वी मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकन विमा कंपनीच्या उंची-वजन तक्त्यांवरून घेत. आता बहुधा २५ हा देहभारांक (बीएमआय) धरून काढतात. तक्त्यांतला आकडा विमेदारांच्या मृत्यूंच्या हिशेबातून आलेला होता. ११० किलोंच्या माणसाने शस्त्रक्रियेनंतर तिथवर पोहोचावे, असे त्या तक्त्यांत कुठेही अभिप्रेत नव्हते.

उदाहरणार्थ, १६० सेंमी. उंचीच्या, ११० किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय ४३ येतो. २५ बीएमआय धरल्यास तिचे आदर्श वजन ६४ किलो आणि जादा वजन ४६ किलो. दीड वर्षात ती ७५ किलोंवर आली व पाचव्या वर्षी ८२ किलोंवर गेली, असे समजू. ८२ किलोंवरही तिने मूळ वजनाच्या २५ टक्के आणि जादा वजनाच्या ६१ टक्के वजन घटवलेले आहे. जादा वजनाच्या निम्मे उतरणे म्हणजे यश, या जुन्या कसोटीला ती उतरते. पण बीएमआय ३२ असल्याने ती अजूनही लठ्ठच ठरते. वाढलेले ७ किलो मूळ वजनाच्या ६ टक्के, सर्वांत कमी वजनाच्या ९ टक्के आणि एकूण घटलेल्या वजनाच्या २० टक्के होतात. वाढ तीच, पण टक्केवारी तीन प्रकारची. मधुमेह, रक्तदाब इत्यादी आजार परतण्याशी यांपैकी शेवटच्या मापाचा संबंध सर्वांत जवळचा असल्याचे २०१८ मधील अमेरिकन विश्लेषणात दिसले. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या अलीकडील सहमतीनुसार मूळ वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी घट म्हणजे अपुरा प्रतिसाद आणि उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक परत येणे म्हणजे पुनर्वाढ. लठ्ठपणाशी निगडित आजार पुरेसा न सुधारणे किंवा पुन्हा बळावणे, हेही त्या व्याख्यांत धरले आहे. वजनाच्या या दोन्ही मर्यादांनुसार वरील स्त्रीत ना अपुरा प्रतिसाद आहे, ना पुनर्वाढ.

पहिल्या काही महिन्यांत दोन-तीन आठवडे काटा जागचा हलत नाही, ही तिसरी आणि बहुधा निरुपद्रवी स्थिती. सुरुवातीची झपाट्याची घट मोठ्या प्रमाणात ग्लायकोजेन व त्याच्याबरोबर साठलेल्या पाण्याची असते. तो साठा संपला की वेग मंदावतो. चरबी कमी होत असतानाही शरीरातील पाण्याच्या चढउतारामुळे आकडा तोच राहू शकतो. अशा वेळी मापाच्या फितीने कंबर मोजणे अधिक बोलके ठरते.

शारीरिक कारणे : वजन उतरले की शरीर ते परत मिळवण्याच्या खटपटीला लागते. विश्रांतीतील ऊर्जाखर्च कमी झालेल्या वजनाच्या मानानेही अधिक घटतो. केवळ आहाराने वजन उतरवलेल्यांत भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते व तृप्ती देणारी संप्रेरके घटतात. मेलबर्नमधील २०११ च्या अभ्यासात हा बदल वर्षानंतरही टिकून होता. शस्त्रक्रियेचे वेगळेपण इथेच आहे. स्लीव्हमध्ये घ्रेलिन तयार करणारा जठराचा वरचा भाग निघून जातो, तर बायपासनंतर अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोहोचून जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जोरात स्रवतात. हा प्रतिसाद सर्वांत सारखा नसतो. ज्यांच्यात तो क्षीण असतो त्यांची घट अपुरी राहण्याची शक्यता जास्त असते.

रचनेतील कारणांत बायपासची पिशवी किंवा तिचा आतड्याशी असलेला जोड रुंदावणे, पिशवी व वगळलेले जठर यांच्यात नव्याने वाट तयार होणे, स्लीव्हची नळी सैलावणे किंवा तिच्या वरच्या टोकाशी जठराचा भाग मूळ शस्त्रक्रियेतच जास्त उरणे यांचा समावेश होतो. मात्र नळी रुंद दिसली म्हणजे तेच कारण, असे म्हणता येत नाही. वजन न वाढलेल्यांतही ती काही अंशी सैलावलेली असते.

औषधांकडे दुर्लक्ष होते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची औषधे, स्टेरॉइड, ओलँझापिन व मिर्टाझापिन यांनी वजन वाढते. थायरॉइडची कमतरता, पाळी थांबण्याच्या सुमाराचे बदल, गुडघेदुखीमुळे बंद पडलेले चालणे, अपुरी झोप यांचाही वाटा असतो.

आहार व वर्तन : पहिल्या वर्षी पानावरचे प्रमाण आपोआप कमी राहते. पुढे भूक परतते आणि खाण्याची पद्धत बदलते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ व कोशिंबीर यांनी लहान जठर चार-सहा घासांत भरते. बिस्किटे चहात बुडवून, आइस्क्रीम किंवा फळांचा रस घेतल्यास तोच माणूस कितीतरी अधिक उष्मांक विनासायास पोटात घालू शकतो, कारण मऊ व पातळ पदार्थ तिथे थांबतच नाहीत. आहाराच्या वहीत दोन्ही जेवणे नेमकी असतात. दुपारी चारला चहाबरोबर मूठभर चिवडा, टीव्हीसमोर फरसाण, मुलांच्या ताटात उरलेले दोन घास हे लिहिलेलेच नसते. असे येता-जाता तोंडात टाकणे आणि खाण्यावरचा ताबा सुटल्याची भावना, या दोन्हींचा पुनर्वाढीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. एकादशीला फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर स्टार्च आणि तेल भरपूर मिळते, प्रथिने फारच थोडी.

प्रथिनांची गरज दिवसाला किमान ६० ग्रॅम धरतात. वाटीभर शिजलेल्या डाळीत साधारण ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे शाकाहारी रुग्णाला वरण-भातावर ही गरज भागवता येत नाही. पनीर, दही, सोयाबीन, गरजेनुसार प्रथिनांची भुकटी यांची जोड लागते. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात व ऊर्जाखर्च आणखी घटतो.

बायपासनंतर काहींची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत एकदम खाली येते. घाम, थरथर सुटते आणि गोड खाल्ले की बरे वाटते. हे चक्र वजन वाढवते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व जास्त प्रमाणात चढते. अमेरिकेतील पाहणीत मद्यासंबंधीच्या विकारांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी वाढलेले आढळले. नैराश्य, आधीपासूनची अतिरेकी खाण्याची सवय आणि ‘ऑपरेशन करूनही हिचे काही होत नाही’ हे घरातले बोलणे यांनी रुग्ण तपासणीला जाणेच टाळतो. मग वाढ लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

तपासणी : आरंभी वजनाचा पूर्ण आलेख, चालू औषधांची यादी, काही दिवसांची प्रामाणिक आहारनोंद आणि मानसिक स्थिती पाहतात. रक्तात साखर, थायरॉइड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासतात. रचनेसाठी एंडोस्कोपी व बेरियम पाजून काढलेली क्ष-किरण चित्रे उपयोगी पडतात. वजन अनेक वर्षे स्थिर राहून अचानक वाढले असेल, तर नवे औषध वा नवा आजार आधी शोधतात.

उपचार : पहिली पायरी आहाराची घडी पुन्हा बसवण्याची : ठरावीक वेळी जेवण, आधी प्रथिने, जेवताना पाणी नाही व नंतरही अर्धा तास थांबणे. स्नायू टिकवण्यासाठी चालण्याला वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड देतात. खाण्यावरचा ताबा सुटत असल्यास मानसोपचार उपयोगी पडतो.

दुसरी पायरी औषधांची. अपुरी घट झालेल्या ७० रुग्णांवरील २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत लिराग्लुटाइडने २४ आठवड्यांत सुमारे ९ टक्के वजन उतरले. नकली औषधाच्या गटात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही त्याहून प्रभावी औषधे भारतात लठ्ठपणासाठी २०२५ पासून उपलब्ध झाली. ती थांबवल्यावर वजन पुन्हा चढू लागते, हे मात्र रुग्णाला आधीच सांगावे लागते.

रुंदावलेला जोड एंडोस्कोपीतून टाके घालून अरुंद करता येतो. दुसरी शस्त्रक्रिया शेवटी येते. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर ही त्यातली नेहमीची. तीव्र आम्लपित्त असल्यास तिचा दुहेरी लाभ होतो. आतड्याचा अधिक भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांनी वजन जास्त उतरते, पण कुपोषणाचा धोकाही वाढतो. दुसऱ्या खेपेची जोखीम पहिलीपेक्षा अधिक असते.

भारतातील स्थिती : पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली : दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. भारतीयांत कमी वजनावरच चरबी व मधुमेह आढळत असल्याने शस्त्रक्रियेचे निकषही खाली आणले आहेत. येथे बीएमआय ३७.५, किंवा संबंधित आजार असल्यास ३२.५, हे निकष वापरात आले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास सांगितले. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाण अटी मात्र ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ याच आहेत. पुनर्वाढीनंतर बीएमआय ३२-३३ असलेला रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या दुसऱ्या शस्त्रक्रियेस पात्र ठरूनही या अटींत बसत नाही.

याज्ञिक-युडकिन तुलनेचा धडा उद्दिष्ट ठरवतानाही लागू पडतो. किलोंबरोबर कंबरेचा घेर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाबाच्या गोळ्यांची संख्या, झोपेतील श्वासाचा त्रास व जिना चढण्याची क्षमता यांचीही नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवल्यास पाचव्या वर्षी तुलना करता येते. पहिल्या वर्षानंतरही दरवर्षी तपासणी करावी आणि वजन दोन-चार किलोंनी वाढताच आहार व औषधे पाहावीत, कारण तेवढी वाढ बहुधा शस्त्रक्रियेविना आवरता येते.