गरिबी हटाओ आणि दुबईचं सोनं

लोकानुनयी सरकारांचा विषय निघाला की आपण अनुदानं आणि कर्जमाफीवर बोलतो. या वेळी जरा दुबईच्या खाडीकाठून बघूया.

1966 पर्यंत दुबईत रुपया चालायचा. भारतात सोन्याची आयात बंद, तिकडे व्यापार खुला. सोनं लपूनछपून मुंबईच्या किनाऱ्याला लागायचं, आणि त्याचे रुपये आखातातून रिझर्व्ह बँकेकडे पौंड मागायला परत यायचे. ही गळती थांबवायला 1959 मध्ये बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे 6 जून 1966 ला इंदिरा गांधींच्या सरकारने अवमूल्यन केलं. डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला. दुबईकरांची रुपयातली बचत एका दिवसात घटली, आणि त्याच वर्षी दुबईने रुपया सोडला.

इकडेही या निर्णयावर सगळे तुटून पडले. दुष्काळ, महागाई होतीच. 1967 मध्ये काँग्रेसच्या हातून अनेक राज्यं गेली. मग सरकारने दिशा बदलली: 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण, 1971 मध्ये ‘गरिबी हटाओ’, 1973-74 मध्ये आयकराचा सर्वोच्च दर 97.75 टक्के.

सोन्यावरची बंधनं मात्र इंदिराबाईंनी सुरू केली नव्हती. 14 कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली ती 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. त्यात कित्येक सोनारांचा धंदा बसला. 1968 च्या कायद्याने सोन्याची बिस्किटं बाळगणंही गुन्हा ठरलं. हेतू समजण्यासारखा होता: परकीय चलन धान्याला आणि यंत्रांना हवं होतं.

पण मंगळसूत्राची मागणी कायद्याने थांबत नाही. त्यात एवढा कर म्हटल्यावर लपवलेल्या पैशालाही सोनंच सोयीचं. दोन्ही मागण्या दुबईच्या वाटेने भागू लागल्या. 1974 मध्ये तस्करांना खटल्याविना डांबता येईल असा कायदा आला, पण दोन किनाऱ्यांच्या भावातला फरक तसाच राहिला. तो भरत कोण होतं? मुलीच्या लग्नासाठी दोन तोळे घेणारा बापसुद्धा, म्हणजे ज्याच्या नावाने घोषणा होती तोच.

राष्ट्रीयीकरणामुळे खेड्यापाड्यांत बँका पोचल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण अशा सरकारचा हिशोब मांडताना घोषणेत कोणाचं नाव आहे एवढंच बघून भागत नाही. वाढलेला भाव कोणी मोजला, तेही बघावं लागतं. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. तोवर ती किंमत कुठल्याच अर्थसंकल्पात दिसली नाही.